घटक ४ : ‘कोबाल्ट ब्लू’ : पहिले प्रेम आणि न उच्चारलेला शोक

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• जडणघडणीच्या कादंबरीचे स्वरूप सांगता येईल.
• ‘कोबाल्ट ब्लू’मधील दोन निवेदनांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• मराठी क्रियापदाची लिंगव्यवस्था आणि कादंबरीचा आशय यांचे नाते उलगडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कोवळ्या वयातील व्यक्ती अनुभवांतून जात प्रौढ कशी होते, हे सांगणाऱ्या कादंबरीस जडणघडणीची कादंबरी म्हणतात. मराठीत या संदर्भात भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आपणांस परिचित आहे. शिक्षणासाठी पुण्यास आलेला पांडुरंग सांगवीकर मनी या धाकट्या बहिणीच्या मृत्यूने मुळापासून हादरतो. प्रौढ होणे म्हणजे बहुधा काहीतरी गमावणे, हे सूत्र तेथे ठळकपणे दिसते.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला, तर स्वतः कुंडलकर यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. याही कादंबरीत पुणे आहे, तारुण्यात पाऊल टाकणारा मुलगा आहे आणि गमावणेही आहे. मात्र येथे जे गमावले, त्याचे नाव घरात घेता येत नाही. या घटकात आपण प्रामुख्याने याच अडचणीचा विचार करणार आहोत.

४.२ कथानक आणि रचना

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून राहावयास येतो. तो कलावंत वृत्तीचा, एकटा आणि घरच्यांच्या चाकोरीत न बसणारा असा आहे. घरातील महाविद्यालयीन मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. तनयची बहीण अनुजाही त्याच तरुणाच्या प्रेमात पडते आणि त्याच्याबरोबर घर सोडून जाते. काही महिन्यांनी ती एकटीच परत येते.

या घटना सरळ कालक्रमाने सांगितलेल्या नाहीत. कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात तनय निघून गेलेल्या तरुणाला उद्देशून बोलतो. दुसरा भाग अनुजाचा असून तो दैनंदिनीच्या रूपात येतो. त्या तरुणाला मात्र कादंबरीभर नाव नाही आणि स्वतःचे निवेदनही नाही. आपणांस तो दिसतो तो दोघांच्या आठवणींतून. शीर्षकातील रंगाचे नाव चित्रकाराच्या रंगपेटीतून आलेले आहे. माणूस निघून गेल्यावर मागे रंग उरावा, असा त्याचा अर्थ लावता येईल.

४.३ ‘तू’ आणि क्रियापद

तनयच्या निवेदनातील द्वितीय पुरुषाकडे भाषेच्या अंगाने पाहू. पुढील वाक्ये कादंबरीतील नसून विवेचनासाठी तयार केली आहेत.

(अ) तू आलास तेव्हा मी जिन्यात थांबलो होतो.
(आ) तू आलीस तेव्हा मी जिन्यात थांबलो होतो.

‘मी’ आणि ‘तू’ या सर्वनामांना लिंगभेद नाही. तो क्रियापदाच्या रूपात प्रकट होतो. (अ) या वाक्यात ‘आलास’ आणि ‘थांबलो’ या दोन रूपांवरून ऐकणारा आणि बोलणारा दोघेही पुरुष असल्याचे कळते. इंग्रजीत अशा वाक्यातील क्रियापदावरून हे कळत नाही; तेथे ते नावे व संदर्भ यांतून कळवावे लागते. मराठीत मात्र प्रत्यय बोलून जातो. भविष्यकाळाचा अपवाद लक्षात घ्या : ‘तू येशील’ हे रूप स्त्री-पुरुष दोघांनाही चालते.

याचा आशयाशी काय संबंध? तनयला जे घरात उघडपणे सांगता येत नाही, ते त्याची मातृभाषा सांगून टाकते. घडून गेलेल्याविषयी ‘तू’ला उद्देशून बोलताना ते लपवणे कठीणच. म्हणूनच असे बोलणे त्याला केवळ मनाशी, अनुपस्थित माणसाशी शक्य होते. निवेदनाचा हा प्रकार येथे पात्राची गरज म्हणून आलेला आहे.

४.४ शोकाचा अधिकार

अनुजा निघून जाते तेव्हा घर हादरते. तिचे जाणे ही कुटुंबाची आपत्ती ठरते; तिच्याविषयी राग, काळजी, लोकलज्जा सारे व्यक्त होते. त्याच घटनेने तनयचेही प्रेम हिरावलेले असते, पण त्याची विचारपूस कोणी करत नाही, कारण त्याने काही गमावले आहे हेच कोणाला ठाऊक नाही. दुःखाचे कारण एक असूनही शोक करण्याचा अधिकार दोघांना समान नाही.

आपली भाषा येथेही साक्ष देते. विधवा, विधुर, पोरका हे शब्द शोकाला समाजाने दिलेली ओळखपत्रे आहेत. पांडुरंगाच्या दुःखाला ‘बहीण गेली’ एवढे म्हणण्याची सोय होती. तनयपाशी असा शब्द नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ नुसार दोन प्रौढ पुरुषांचे संमतीने आलेले शरीरसंबंधही गुन्हा ठरत होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ही स्थिती बदलली. कायदा बदलला म्हणून घरातील शब्द लगेच बदलतात असे नाही.

उत्तर लिहिताना एक दक्षता घ्यावी. तनयच्या भावनेला ‘घनिष्ठ मैत्री’ म्हणून सौम्य करू नये आणि तिला ‘समस्या’ही ठरवू नये. संहितेत ते प्रेम आहे; आपणही त्यास प्रेमच म्हणावे. आपल्यापैकी अनेक जण संसार, नोकरी सांभाळून शिकत आहेत. घरातील एखाद्या अबोल झालेल्या मुलाकडे ही कादंबरी आपणांस वेगळ्या दृष्टीने पाहावयास लावील, तर तेही अध्ययनाचे फलितच होय.

४.५ सारांश

‘कोबाल्ट ब्लू’ ही पहिल्या प्रेमाची आणि वियोगाची कादंबरी आहे. तिच्यातील दोन निवेदने एकच वियोग दोन बाजूंनी दाखवतात. अनुजाच्या दुःखाला घर ओळखते, तनयच्या दुःखाला केवळ वाचक ओळखतो.

४.६ स्वाध्याय

१. तनय आणि अनुजा यांच्या निवेदनपद्धतींची तुलना करा.
२. ‘कोसला’ व ‘कोबाल्ट ब्लू’ यांतील शोकानुभवातील साम्य-भेद लिहा.
३. आपल्या बोलीत ‘मी’ व ‘तू’ बरोबर येणारी भूतकाळी रूपे नोंदवा. त्यांतून बोलणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे लिंग कळते का, ते सोदाहरण लिहा.