आधी प्राणी घडवा, मग खोट काढा

पालकहो, विज्ञानाच्या तासाला मुलं कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून गेम खेळतात ही बातमी तुमच्यापर्यंत पोचली आहे आणि तुमच्या ग्रुपवर त्यावरून बरीच चर्चाही झाली आहे, हे माझ्या कानावर आलं. दहावीचं वर्ष, डोक्यावर बोर्ड, त्यात हे काय नवं खूळ, असा एकूण सूर. सूर रास्त आहे. घरी मुलांच्या हातून मोबाइल सोडवताना तुमच्या नाकी नऊ येतात आणि इकडे शाळाच हातात माऊस देते म्हटल्यावर राग येणारच. म्हणून जरा मोकळेपणी बोलू या.

गेमचं नाव 'स्पोअर'. 'सिमसिटी' आणि 'द सिम्स' ज्याने केले त्या विल राइटचाच हा गेम. आला २००८ मध्ये, म्हणजे आपल्या मुलांच्या जन्माआधी. जुना असल्याचा फायदा असा की लॅबमधल्या थकलेल्या कॉम्प्युटरवरही तो चालतो. त्यात पाण्यातल्या एका पेशीपासून सुरुवात होते, मग प्राणी, मग टोळी, मग संस्कृती आणि शेवटी अंतराळ. शेवटच्या तीन टप्प्यांकडे आम्ही ढुंकूनही पाहत नाही. लढाया नि यानं आपल्या कामाची नाहीत. आम्हाला हवी होती ती प्राणी घडवायची कार्यशाळा.

ती उघडली की समोर एक मऊ धड येतं आणि त्याच्या आत पाठीचा कणा. मणके धरून धड ओढायचं, वाकवायचं, फुगवायचं. मग त्याला पाय, जबडा, डोळे, शिंगं, पंख लावत जायचं. जबडा निवडला की प्राणी शाकाहारी की मांसाहारी तेही ठरतं. आणि गंमत पुढे आहे. तुम्ही पाय कुठेही, कितीही लावा, हा प्राणी चालेल कसा हे कॉम्प्युटर त्याचं तो ठरवतो. तीन पायांचा प्राणी कुणी आधीपासून काढून ठेवलेला नसतो, तरी तो उठून लंगडत चालायला लागतो. वर्गात त्या क्षणी जो गलका होतो तो शेजारच्या वर्गापर्यंत जातो, त्याबद्दल शेजारच्या सरांची मी माफी मागितली आहे.

आता मुद्द्याचं. हा गेम उत्क्रांती शिकवतो असं कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गेम आला त्याच वर्षी 'सायन्स' या अमेरिकेतल्या नामवंत साप्ताहिकाने शास्त्रज्ञांना हाताशी धरून त्यातलं विज्ञान तपासलं आणि जीवशास्त्रात त्याला सरळ नापास केलं. निकाल बरोबरच आहे. आणि म्हणूनच हा गेम माझ्या कामाचा आहे. पुस्तकातली चूक शोधायला मुलं धजावत नाहीत. छापलेलं ते खरं, अशी सवय आपणच लावलेली असते. गेमची खोड काढायला मात्र एकूण एक हात वर होतात.

म्हणून आमचा क्रम असा: आधी प्राणी वहीत काढायचा, तो कुठे राहतो आणि काय खातो ते लिहायचं, मग तो कॉम्प्युटरवर घडवायचा आणि शेवटी गेम कुठे खोटं बोलतोय ते शोधून कारणासकट लिहायचं. मार्क त्या शेवटच्या कामाला. वहीत चित्र नाही त्याला लॅबचं दार बंद.

एक खोट नमुन्यादाखल सांगते. मुलांना सगळ्यात आवडतं काय, तर अवाढव्य धड आणि खाली काडीसारखे पाय. गेममध्ये हा प्राणी खुशाल धावतो. पाय लांब केला की जाड केला याला तिथे किंमत नाही, कुठल्या नमुन्याचं पाऊल लावलं यावर वेग ठरतो. मग आम्ही फळ्याकडे वळतो. प्राण्याची लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केली तर वजन किती होईल? आठपट. आणि पायाच्या हाडाचा आडवा छेद? फक्त चौपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. तिप्पट मोठा केला तर तिप्पट भार. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हाडांच्या संदर्भात हीच गोष्ट मांडली होती. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ नि जाड का आणि हरणाचे बारीक असून चालतात कसे, हे मग सांगावं लागत नाही. गणिताचा कंटाळा करणारा, मागच्या बाकावरचा एक मुलगा त्या दिवशी स्वतःहून आपल्या राक्षसाचं वजन काढत बसला होता. घनफळाची ही उदाहरणं पुस्तकातही आहेत, पण तिथल्या शंकूचा पाय मोडत नाही.

दुसरी खोट मोठी आहे. गेममध्ये प्राणी दुसऱ्यांना खाऊन किंवा त्यांच्याशी गाऊन-नाचून मैत्री करून डीएनएचे गुण साठवतो, घरट्याकडे परततो, जोडीदाराला साद घालतो आणि मग खेळणारा त्या गुणांवर नवे अवयव विकत घेतो. आईबापांना चार पाय, पिल्लाला सहा आणि वर पंख. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. त्यात लॅमार्क आहे, डार्विन आहे. मुलांना विचारलं, हा गेम यांतला कुणाचा? एका मुलीने वहीत लिहिलं, 'लॅमार्कचा जिराफ निदान मान ताणून तरी बघत होता. इथला जिराफ दुकानात जाऊन मान घेऊन येतो.' नैसर्गिक निवडीत कुणी दुकानदार नसतो नि गिऱ्हाईकही नसतं. पिल्लांमध्ये मुळातच थोडे थोडे फरक असतात, त्यातली काही जगून वाढतात, बाकीची नाही. एवढंच. हे वाक्य मी अनेक वर्षं लिहून देत आले आहे आणि मुलं ते पाठ करत आली आहेत. यंदा पहिल्यांदा त्यावरून भांडण झालं.

(सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला गेला आणि २०२३ मध्ये देशभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, हे काहींनी वाचलं असेल. आपल्याकडे तो धडा आहे, तर तो नीट शिकू या.)

गेमला आणखी एक गोष्ट जमत नाही. कण्यावाचून तिथे सुरुवातच होत नाही. आणि पृथ्वीवरच्या प्राण्यांच्या जातींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जाती बिनकण्याच्या आहेत! शिवाय तिथे एका बाजूला पाय लावला की दुसरीकडे आपोआप जुळा पाय उगवतो. खरे प्राणीही बहुतेक असेच, उजवे-डावे सारखे. पण अपवाद आपल्या ताटात येतो. पुढच्या वेळी मासे आणायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या आणि लेपा दाखवा. दोन्ही डोळे एकाच बाजूला. पिल्लू असताना ते दोन बाजूंना असतात, वाढता वाढता एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो. असा प्राणी गेममध्ये करून बघ म्हणावं.

गेम घरी घेऊन द्यावा लागेल का, असं काहींनी विचारलं आहे. अजिबात नाही. आमचं काम लॅबमध्ये संपतं. ज्यांच्याकडे आधीच असेल त्यांनी वेळ बांधून द्यावी, कारण अंतराळाच्या टप्प्यात शिरलेलं पोर जेवायला उठत नाही. मूल खेळत असलं तर कितवी लेव्हल झाली हे विचारू नका, ते फुशारकी मारेल आणि विषय संपेल. हा पाय इथेच का, एवढे दात आणि खातो पाला, असं कसं, हे विचारा. उत्तर तुम्हाला माहीत असायची गरज नाही.

ज्यांच्या मुलांना यात रस नाही त्यांनी काळजी करू नये. अशी मुलं आहेत. चार-पाच जण आजही वहीतच प्राणी काढतात आणि ते प्राणी कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा सरस असतात.

शेवटचं. प्राणी पाण्यातून जमिनीवर येतो तो भाग गेममध्ये क्षणात उरकतो: पाय फुटले की स्वारी किनाऱ्यावर. खऱ्या गोष्टीचा एक पुरावा २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातल्या एल्समिअर बेटावर सापडला. टिक्टालिक नावाचा, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा मासा, ज्याच्या परात मनगटासारखी हाडं आहेत. तिथे तर आपण जाऊ शकत नाही, पण खाडीवर जाऊ शकतो. चिखलात परांवर सरपटणारी निवटी तुमच्यापैकी अनेकांनी खाल्ली असेल, ती चालताना मुलांनी क्वचितच पाहिली आहे. ती टिक्टालिकची नातवंड नव्हे, तिचं घराणं वेगळं. मात्र मासा चिखलावर जगायला काय काय करतो ते तिच्याइतकं उघड कुणी दाखवत नाही: कातडीतून श्वास, कल्ल्यांत साठवलेलं पाणी, डोक्यावर चढलेले डोळे. पुढच्या महिन्यात ओहोटीची वेळ पाहून एका शनिवारी सकाळी मुलांना नेणार आहोत. संमतीपत्र सोमवारपर्यंत सही करून पाठवा, पायात जुने घट्ट बूट घाला आणि एक जोड कपडे जास्तीचे द्या. सोबत यायची ज्यांची तयारी असेल त्यांनीही नाव कळवावं, चिखलात मोठी माणसं कमीच पडतात.