दोर ताणला पाहिजे!

कळसूबाईच्या रांगेत अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले शेजारी-शेजारी उभे आहेत. ट्रेकर मंडळी त्यांना लाडाने 'एएमके' म्हणतात. कुलंगला नुसती दमछाक आहे, पण अलंग आणि मदनच्या वाटेवरच्या पायऱ्या तुटलेल्या असल्यामुळे काही कातळटप्पे रोप लावूनच पार करावे लागतात. या हिवाळ्यात आम्ही पाच जण तिथे जाणार आहोत. सामानाची यादी करताना स्टोव्ह, टॉर्च, मॅट सगळं पटापट ठरलं. गाडी अडली ती रोपवर.

एक मित्र म्हणाला, "अरे, हार्डवेअरच्या दुकानात जाड दोर मिळतो. दीड टन पेलतो. आपण साठ किलोचे, म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी पंचवीस! अजून काय पाहिजे?"

मित्रांनो, गोम इथेच आहे. साठ किलो हे लटकलेल्या माणसाचं वजन झालं, पडणाऱ्याचं नव्हे. कागद-पेन घ्या. लीडर आठ मीटर वर चढलाय आणि त्याने रोप अडकवलेला शेवटचा बोल्ट सहा मीटरवर आहे. पाय सटकला तर तो बोल्टच्या दोन मीटर वरून दोन मीटर खाली, म्हणजे एकूण चार मीटर पडेल. आता त्याला थांबवायचं काम रोपचं.

समजा रोप दीड मीटर ताणला. एकूण पडणं साडेपाच मीटर. ६०० न्यूटन गुणिले ५.५ भागिले १.५, म्हणजे सरासरी बल सुमारे २,२०० न्यूटन. रोप स्प्रिंगसारखा धरला तर कमाल बल याच्या दुप्पट, साधारण ४.४ किलोन्यूटन. कंबर दुखेल, पण माणूस वाचेल.

आता न ताणणारा दोर घ्या, समजा फक्त २५ सेंटीमीटर ताणणारा. तेच गणित केलं की कमाल बल येतं २० किलोन्यूटन! दीड टनाचा दोर १५ किलोन्यूटनलाच तुटेल. आणि समजा नाही तुटला, तर बोल्ट निघेल किंवा माणसाचं शरीर तरी हार मानेल. थोडक्यात काय, मजबूत दोर म्हणजे सुरक्षित दोर नव्हे. पडण्याची ऊर्जा जो पोटात घेतो, तो सुरक्षित.

म्हणूनच गिर्यारोहणाचा डायनॅमिक रोप वेगळा असतो. आत नायलॉनच्या पिळाच्या दोऱ्या आणि बाहेर विणलेलं आवरण. ही रचना १९५३ मध्ये एडलरिड या जर्मन कंपनीने आणली. यूआयएए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणीत सिंगल रोपवर ८० किलोचं वजन पाडतात. पहिल्या झटक्याचं बल १२ किलोन्यूटनच्या आत राहिलं पाहिजे आणि रोपने असे किमान पाच झटके सोसले पाहिजेत.

आणखी एक गंमत. झटका किती बसेल हे नुसत्या पडण्याच्या उंचीवर ठरत नाही. पडण्याचं अंतर भागिले वापरात असलेल्या रोपची लांबी, याला फॉल फॅक्टर म्हणतात. आपल्या उदाहरणात तो अर्धा आहे. पण मध्ये एकही बोल्ट नसेल आणि लीडर बिले देणाऱ्याच्या खाली पडला, तर तो दोन होतो. म्हणजे टप्प्याच्या सुरुवातीलाच जास्त धोका!

मग स्टॅटिक रोप वाईट का? मुळीच नाही. रॅपलिंगला, सॅक वर खेचायला तोच बरा, कारण तिथे झोके नकोत. फक्त लीडरच्या कमरेला तो बांधायचा नाही. आम्हीही दोन्ही रोप न्यायचं ठरवलंय.

तुम्ही असा ट्रेक ठरवत असाल तर एवढं करा. रोप भाड्याने घेताना तो किती जुना आहे आणि त्यावर मोठं पडणं झालंय का, ते विचारा. पूर्ण रोप हातातून सरकवून बघा. कुठे मऊ, चपटा किंवा फुगलेला लागला तर परत करा. बेसॉल्टच्या धारेवर त्याच्याखाली कापड घाला. त्याच्यावर पाय देऊ नका, उन्हात टाकून ठेवू नका. आणि अनुभवी लीडर सोबत नसेल तर कुलंग करून या. तोही काही कमी नाही!