लंगरातलं ताट

ज्यांच्या घरात पलंगाखाली काळी पेटी आहे, पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. आमच्या हैदराबादेतल्या नामपल्लीच्या दोन खोल्यांतही ती आहे. हे तोफखान्यातून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. शेवटची नेमणूक गोवळकोंड्याच्या आर्टिलरी सेंटरला होती, मुलीची शाळा इथेच लागली होती, म्हणून गावी परत न जाता राहिलो. आता ते एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असतात.

मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या वर्षीची गोष्ट. माजी सैनिकांच्या मुलांसाठी २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. जेसीओ आणि त्याखालच्या हुद्द्यांच्या घरांसाठी, देशभरात वर्षाला ५,५०० जणांना, त्यात निम्म्या मुली. बारावीला किमान ६० टक्के लागतात. मुलीला महिन्याला ३,००० रुपये, मुलाला २,५००, आणि वर्षाचे एकदम खात्यात येतात. अट अशी की अर्ज पहिल्याच वर्षी करायचा.

सगळे कागद जमवले आणि अडकलो मुलीच्या नावात. ती झाली तेव्हा हे सीमेवर. सासऱ्यांनी फोनवर उत्साहाच्या भरात 'सोनाली' सांगून टाकलं, तेच पलटणीत पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे लष्कराच्या नोंदीत, चढलं. बारशाला आत्यानं कानात सांगितलं 'सायली'. अठरा वर्षं दोन्ही कागद एकाच घरात सुखानं नांदले, आम्ही कधी शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत. दुरुस्तीचं पत्र नाशिक रोडच्या रेकॉर्ड ऑफिसला गेलं, पण आम्ही जागे झालो तेव्हाच तारीख डोक्यावर आली होती. चूक आमचीच. शिष्यवृत्ती गेली.

मी दोन दिवस नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बरं झालं आई. बाबांच्या गुडघ्यांचे पैसे मला नकोच होते."

हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज थांबला.

ती असं का बोलली ते मला माहीत होतं. संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळताना ह्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "हे बर्फात घालवले ते तुमच्या शिक्षणासाठी." प्रेमानंच म्हणायचे. पण रोज ऐकणाऱ्या पोरीच्या मनात हिशेब मांडला गेला, इतकं दुखणं, इतके रुपये. तुमच्याही घरी असं काही बोललं जात असेल, तर ते मुलांच्या कानी कसं पडतं याचा एकदा विचार करा.

खरं तर तो पैसा कुणा एकाच्या गुडघ्यांचा नाहीच. पंतप्रधान शिष्यवृत्ती राष्ट्रीय संरक्षण निधीतून दिली जाते. हा निधी १९६२ सालचा, बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या होत्या त्या वेळचा. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पदवीपर्यंत जे शिक्षण अनुदान मिळतं, ते ध्वजदिन निधीतलं. महिन्याला हजार होते, नोव्हेंबर २०२५ पासून दोन हजार झाले. ७ डिसेंबरला आपण खिशाला कागदी झेंडा लावून डब्यात नाणं टाकतो ना, तोच हा निधी. मुलीनं शाळेत असताना स्वतः तो डबा फिरवला होता. हे मी तिला सांगायला हवं होतं.

आणि जिथे रक्ताचा हिशेब आहेच, तिथेही कुणी उपकार करत नाही. शहीद आणि जायबंदी जवानांच्या मुलांना १९७१च्या युद्धानंतर पूर्ण फीची सवलत मिळाली. २०१७ मध्ये तिला महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं, मार्च २०१८ मध्ये मर्यादा उठली. भीक असती तर एवढ्या मोठ्या माणसानं तिच्यासाठी लेखणी उचलली असती का?

आमच्या नामपल्लीचंच पाहा. जानेवारी उजाडला की नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, भरते. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी राज्याच्या आर्थिक पाहणीसाठी पैसा उभा करायचा म्हणून बागे-आममध्ये ती सुरू केली. हाताशी भांडवल अडीच रुपये, असं सांगतात. १९४६ पासून ती आताच्या मैदानावर आहे. तिच्या उत्पन्नातून शाळा-कॉलेजं चालतात. त्याच आवारात सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आहे, कमला नेहरू पॉलिटेक्निक आहे. तिथल्या मुली मैत्रिणींबरोबर मिरची भजी खात नुमाइशीत हिंडतात तेव्हा कुणाच्या उपकाराखाली दबलेल्या दिसत नाहीत. आपल्याच पोरांना का दबवायचं?

एक गोष्ट मात्र नोकरीतल्या जवानांच्या घरांना सांगायलाच हवी. मुलांचा शिक्षण भत्ता बारावीपर्यंतच. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या घरांना. म्हणजे बाप अजून वर्दीत आणि पोरगी कॉलेजात, ही वर्षं सगळ्यांत ओढाताणीची. लष्करानं स्वतःच्या कल्याण संस्थेतर्फे, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीतर्फे, पुण्यात दिघीला इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, इथे सिकंदराबादला डेंटल कॉलेज. पण सगळ्यांना तिथे जागा कुठली?

ह्यांचे पाच-सहा पेन्शनर दोस्त महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे चहाला येतात. कुणी मराठा, कुणी तेलुगू, एक दख्खनी बोलणारे नायक. पेन्शन जमा झाली की प्रत्येक जण पाचशे काढून ठेवतो. वर्षाच्या शेवटी सेंटरमधल्या एखाद्या जवानाच्या मुलाची परीक्षा फी, कुणाचं वसतिगृहाचं डिपॉझिट. पावती नाही, सत्कार नाही. पहिल्यांदा एक तरुण जवान संकोचून हात जोडायला लागला तेव्हा नायकसाहेब म्हणाले, "लंगर में खाके कोई थँक्यू बोलता क्या? अपना ताट धोके रख, बस."

मुलगी तेव्हा चहाचे कप घेऊन आत येत होती. नंतर तिनं विचारलं, "लंगर म्हणजे गुरुद्वारातला ना?" पलटणीच्या स्वयंपाकघरालाही लंगरच म्हणतात, हे ह्यांनी तिला पहिल्यांदा सांगितलं. हवालदार आणि शिपाई, आज आलेला आणि उद्या जाणारा, सगळे त्याच भांड्यातलं जेवतात, आणि ताट ज्याचं त्यानं धुवायचं. गुडघ्यांचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढे कमीच निघाला.

आणखी एक, मनाला लागेल तरी ऐका. ही शिष्यवृत्ती व्यावसायिक अभ्यासक्रमांनाच आहे, म्हणून इतिहास वाचणाऱ्या मुलीला बीबीएला ढकललेले आईबाप मी पाहिलेत. वर्षाच्या छत्तीस हजारांसाठी तिची तीन-चार वर्षं घालवू नका. पदवीपर्यंतचं दुसरं अनुदान आहे, त्याची चौकशी आपल्या जिल्हा सैनिक बोर्डात करा.

आणि येत्या रविवारी पेटी पलंगाखालून ओढा. डिस्चार्ज बुक काढा, मुलांच्या दहावीच्या प्रमाणपत्रांशेजारी ठेवा आणि नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा. आईचंसुद्धा. माझं त्यात अजून माहेरचं निघालं.