शेअर-बाजाराची कुळकथा

शेअर-बाजार हा शब्द आतां आमच्या नांदेड-लातुराकडील घरांतून रोज ऐकूं येतो. पूर्वीं वर्तमानपत्रांतील तें पान वडील माणसें न वाचतांच उलटून टाकीत. आतां तोच बाजार हातांतल्या मोबाइलवर उघडतो. नांव सर्वांस माहीत, भावही माहीत; परंतु तेथें विकलें जातें तें काय, असें विचारलें, तर दहावीचा विद्यार्थी आणि त्याचे वडील दोघेही बहुधा एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून ह्या अंकांत त्या बाजाराची मूळ हकीकत द्यावी असें आम्हीं योजिलें आहे. मध्यें मध्यें आंकडे येतील; बालवाचकांनीं ते टाळून पुढें जाऊं नये, कारण खरी गोष्ट आंकड्यांतच आहे.

प्रथम शेअर म्हणजे काय तें पाहूं. लातूर डाळीच्या गिरण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. समजा, एका गृहस्थास तेथें दहा लाख रुपयांची गिरणी काढावयाची आहे व त्याच्यापाशीं एकच लाख आहे. उरलेले नऊ लाख त्यानें सावकाराकडून आणिले, तर गिरणी चालो वा बंद पडो, व्याज कांहीं चुकत नाहीं. दुसरा मार्ग असा कीं, दहा लाखांचे शंभर शंभर रुपयांचे दहा हजार भाग करावे आणि ज्यास जितके झेपतील तितके त्यानें घ्यावे. ज्यानें दहा भाग घेतले तो गिरणीच्या हजाराव्या हिश्श्याचा धनी झाला. वर्षाअखेर एक लाख रुपये नफा वांटला, तर त्याच्या वांट्यास शंभर रुपये येतील. नफा झाला नाहीं, तर कांहींच येणार नाहीं. गिरणी बुडाली तर त्याचे हजार रुपये बुडतील. परंतु गिरणीच्या कर्जासाठीं त्याच्या राहत्या घरावर कोणास जप्ती आणतां येणार नाहीं. ह्या मर्यादेमुळेंच अशा मंडळीस ‘मर्यादित’ म्हणतात. हिंदुस्थानांत ही सवलत १८५७ च्या कायद्यानें मिळाली. युरोपांत भागांची कल्पना त्याहून पुष्कळ जुनी. हॉलंडच्या ईस्ट इंडिया कंपनीनें १६०२ सालीं लोकांस भाग विकले, आणि ॲम्स्टरडॅम शहरांत ते भाग एकमेकांस पुन्हा विकण्याचा व्यापार सुरू झाला.

पुन्हा विकण्याची गरज कां पडावी? आपल्या हिस्सेदारास मुलीच्या लग्नासाठीं पैसे हवे झाले, तर गिरणीचें एक चाक उपटून आणून विकतां येत नाहीं. त्यानें आपला भाग दुसऱ्यास द्यावा व त्याच्याकडून पैसे घ्यावे, हा सोपा उपाय. असे घेणारे व देणारे जेथें भेटतात तो शेअर-बाजार, आणि त्यांची गांठ घालून देणारा तो दलाल. लातूरच्या गंजांत जें काम अडत्या करितो, त्याच जातीचें हें काम आहे.

येथपर्यंत सारें सरळ आहे. अडचण पुढें आहे. शंभर रुपयांचा भाग शंभरासच विकला जाईल असें नाहीं. गिरणीचा नफा वाढेल असें लोकांस वाटलें, तर ते दीडशें देतील. घटेल असें वाटलें, तर साठही देणार नाहींत. म्हणजे भागाची किंमत गिरणीवर जशी अवलंबून असते, तशीच गिरणीविषयीं लोकांच्या मनांत काय आहे ह्यावरही असते. आमच्या वाचकांस हें सांगावयास नको. २०२१ च्या पावसाळ्यांत लातूरच्या बाजारांत सोयाबीनचा भाव क्विंटलास दहा हजार रुपयांच्या घरांत गेला होता, आणि दिवाळीपूर्वींच तो पांच हजारांच्या आसपास उतरला. दाणा तोच, पोतें तेंच, तेल निघावयाचें तितकेंच. पालटला तो भाव. ज्यानें उधारीवर दहा हजारांच्या भावानें माल भरला असेल त्याची गत काय झाली असेल, ती कल्पनेनें जाणावी. कारण मुंबईच्या शेअर-बाजाराची सर्वांत मोठी गोष्ट नेमकी हीच आहे, फक्त तेथें सोयाबीनच्या जागीं कापूस होता.

मुंबईंत १८५५ च्या सुमारास मूठभर दलाल टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखालीं उभे राहून शेअरांचे सौदे करीत. १८६० पर्यंत त्यांची संख्या साठांच्या आसपास झाली. पुढच्याच वर्षीं, एप्रिल १८६१ मध्यें, अमेरिकेंत उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध जुंपलें. इंग्लंडांतील लँकेशायरच्या गिरण्या बहुतांशीं दक्षिण अमेरिकी संस्थानांच्या कापसावर चालत. उत्तरेच्या आरमारानें तीं बंदरें कोंडतांच त्या गिरण्यांनीं हिंदुस्थानाकडे तोंड वळविलें. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापूस मुंबईच्या बंदरीं लोटूं लागला. नांदेडास तेव्हां आगगाडी नव्हती. ती १९०० च्या सुमारास आली, आणि लातुरास बार्शी लाइट रेल्वे पोहोंचली ती १९११ मध्यें. लोकांनीं जुन्या गाद्या उसवून त्यांतील कापूससुद्धां विकला, अशी हकीकत त्या काळाविषयीं सांगतात. चार-पांच वर्षांत मुंबईच्या पदरीं नेहमींच्या उत्पन्नाहून सात-आठ कोटी पौंड अधिक पडले, असा त्या वेळचा अंदाज आहे.

आतां एवढ्या पैशाचें करावयाचें काय? नव्या गिरण्या, नवे रस्ते, पाटबंधारे ह्यांत तो घालतां आला असता. पण त्यास वेळ लागतो, आणि मुंबईकरांस तेव्हां वेळ नव्हता. रोज नव्या मंडळ्या निघूं लागल्या. १८६५ च्या आरंभीं मुंबईंत ३१ बँका, २० विमा मंडळ्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या ८ मंडळ्या होत्या. त्यांपैकीं बॅक बे रिक्लेमेशन ही सर्वांची लाडकी. तिच्या एका भागावर पांच हजार रुपये भरलेले होते. त्या भागाचा भाव चढत चढत पन्नास हजारांवर गेला. समुद्र अजून होता तेथेंच होता. जमीन यावयाची होती. बँक ऑफ बाँबेचा पांचशें रुपयांचा भाग २,८५० पर्यंत चढला. ही बँक लोकांस शेअर तारण ठेवून कर्ज देई, आणि लोक त्या कर्जानें आणखी शेअर घेत. त्यामुळें शेअरांचे भाव चढत, आणि भाव चढले म्हणून बँक आणखी कर्ज देई. हें चक्र वाचकांनीं दोन वेळां वाचावें. ह्या चक्रांत नवीन सूत कोठेंच निघत नाहीं.

ह्या सर्व खटाटोपांत एक नांव सर्वांच्या तोंडीं होतें: प्रेमचंद रायचंद. १८३१ सालीं सुरतेस जन्मलेला हा गृहस्थ इंग्रजी जाणणारा, हिशेबांत अतिशय तल्लख, आणि कापूस व शेअर ह्या दोन्हीं बाजारांत त्याच्या शब्दास अपार मान. कोणत्या नव्या मंडळीचे भाग कोणास मिळावे हें पुष्कळदां त्याच्या एका चिठ्ठीवर ठरे.

परंतु मुंबई बुडाली ती नुसत्या चढ्या भावानें नव्हे. ती बुडाली वायद्यानें. वायदा म्हणजे आज भाव ठरवावयाचा आणि माल व पैसा ह्यांची देवघेव पुढें नेमलेल्या दिवशीं करावयाची. एक उदाहरण घेऊं. एका कारकुनानें जानेवारींत करार केला कीं, जुलैच्या पहिल्या तारखेस मी अमुक शेअर वीस हजारांस घेईन. त्याच्या पेटींत दोनशें रुपये आहेत. त्याचा बेत असा कीं, तोपर्यंत भाव पंचवीस हजार होईल, मी तो शेअर परभारें दुसऱ्यास विकीन, आणि मधले पांच हजार माझे. भाव चढला तर खरोखरच तसें होतें, आणि शेजारीपाजारी त्याचें अनुकरण करितात. पण जुलैंत भाव तीन हजारांवर आला, तर त्यास सतरा हजारांची खोट भरून द्यावयाची आहे, आणि पेटींत आहेत दोनशें. त्यानें ज्याला द्यावयाचे, त्यानेंही तिसऱ्याशीं असाच करार केलेला, तोही बुडाला.

१८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील दक्षिणेचा सेनापति ली शरण आला. युद्ध संपलें, तसा कापसाचा भाव कोसळला. मुंबईंत शेंकडों वायदे १ जुलै १८६५ ह्या एकाच दिवशीं पुरे व्हावयाचे होते. तो दिवस उजाडला, आणि घेणारे व देणारे दोघांनींही हात वर केले. बँक ऑफ बाँबेचा २,८५० चा भाग ८७ रुपयांसही जड झाला. १८६८ मध्यें ती बँक मोडली. प्रेमचंदांचें वैभवही गेलें. मात्र भर वैभवाच्या दिवसांत त्यांनीं मुंबई विश्वविद्यालयास जें दान देऊं केलें होतें, त्यांतून १८६९ ते १८७८ ह्या काळांत ग्रंथालय व घड्याळाचा मनोरा उभा राहिला. त्यांच्या मातोश्रींच्या नांवावरून त्यास राजाबाई टॉवर म्हणतात. मुंबईस सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तो पाहावाच. त्या तेजीच्या पैशांतून डोळ्यांनीं दिसेल असें जें थोडें उरलें, त्यांत तो एक आहे.

दलाल मात्र शहाणे झाले. झाडाखालून हुसकले जात जात १८७४ मध्यें ते ज्या गल्लींत स्थिरावले तिला आज दलाल स्ट्रीट म्हणतात, आणि ९ जुलै १८७५ रोजीं त्यांनीं आपली संस्था स्थापिली. प्रथम सभासद ३१८, प्रवेशाची फी एक रुपया. तीच आजची बाँबे स्टॉक एक्स्चेंज.

ह्यावरून शेअर म्हणजे केवळ जुगार असा ग्रह कोणी करून घेईल, तर तोही खोटा. १९०७ सालीं टाटांनीं लोखंडाच्या कारखान्यासाठीं भांडवल मागितलें तेव्हां तीन आठवड्यांत सुमारें आठ हजार हिंदी लोकांनीं तें सारें भरून दिलें. हाच बाजार, हेच कागद. पण ह्या वेळीं त्यांच्यामागें भट्टी होती, पोलाद होतें. आमच्या नांदेडची उस्मानशाही गिरणीही भागभांडवलावरच उभी राहिलेली. मराठवाडा तेव्हां हैदराबाद संस्थानांत होता, आणि १९४३ मध्यें हैदराबादेसही स्वतःचा शेअर-बाजार निघाला. त्याची मान्यता २००७ मध्यें संपली. गिरणी १९७४ मध्यें सरकारनें आपल्याकडे घेतली. पुढें तीही बंद पडली. शेतांतला कापूस, गांवांतली गिरणी आणि गांवांतलेच हिस्सेदार, असा संबंध एकदां येथें जुळला होता, हें नांदेडच्या मुलांस ठाऊक असावें.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. आजच्या बाजारावर १९९२ पासून ‘सेबी’ ह्या संस्थेचा कायदेशीर अंकुश आहे, आणि शेअरांचे कागद जाऊन त्यांची नोंद डीमॅट खात्यांत होते. अठरा वर्षांखालील मुलाच्या नांवें पालकाच्या देखरेखीखालीं असें खातें उघडतां येतें. वायद्याचे सौदे मात्र त्यावर करतां येत नाहींत. पण वडिलांचें खातें मुलगाच चालवितो, अशीं उदाहरणें आमच्या कानांवर येतात, आणि तेथें तो खेळतो तो १८६५ चाच खेळ, नांव मात्र ‘फ्यूचर’ व ‘ऑप्शन’. सेबीनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, त्यापूर्वींच्या तीन आर्थिक वर्षांत असे सौदे करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकीं ९३ व्यक्तींस तोटा झाला, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक भरला. लातुरास मुलास शिकवणीसाठीं ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरीं त्या फीचे पैसे कसे उभे राहतात, हें आम्हांस ठाऊक आहे. ते पैसे दुपारच्या सुटींत अंगठ्यानें गेले, तर घरीं काय सांगावयाचें, हा प्रश्न कांहीं मुलांपुढें खरोखरीच उभा राहिलेला आहे. अशा मुलास रागें भरण्यापूर्वीं पालकांनीं वरील कारकुनाचें उदाहरण त्याच्याबरोबर बसून पाटीवर सोडवावें.

विद्यार्थ्यांस आम्ही ह्या वर्षीं एक काम सुचवितों. दोनशें पानांची एक वही घ्यावी. दर शनिवारीं डाव्या पानावर लातूरच्या बाजारांतील तुरीचा भाव लिहावा, आणि उजव्या पानावर आपल्या आवडीच्या कोणत्याही एका मंडळीच्या शेअरचा. पहिल्या पानावर ती मंडळी काय माल करिते व गेल्या वर्षीं तिला नफा किती झाला, तें शोधून लिहावें. खरेदी कांहीं करावयाची नाहीं. भाव चढला वा उतरला, तर त्याचें कारण खालीं एका ओळींत नोंदावें. पाऊस, सरकारी हुकूम, परदेशची बातमी, जें असेल तें. वर्षाअखेर वही आमच्याकडे पाठवावी, आणि शेवटच्या पानावर, ‘सगळे घेतात म्हणून’ हें कारण आपणांस एकूण किती वेळां लिहावें लागलें, तें मोजून कळवावें.