मोटारीच्या ब्रेकची कुरकुर व तिची परीक्षा



मोटार चालविण्याची विद्या पुष्कळांस येते. परंतु ती थांबते कशी, याचा विचार फार थोडे करितात. एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवत असतां तिच्या ठायीं सुमारें १,३९,००० ज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबतांच ती ऊर्जा नाहींशी होत नाहीं. घर्षणानें तिची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेनें एक लिटर पाण्याचें तापमान सुमारें ३३ अंश सेल्सिअसनें वाढेल. शिवाय वेग दुप्पट झाला कीं ऊर्जा चौपट होते.

हा सर्व ताप ब्रेक पॅड व डिस्क यांस सोसावा लागतो. डिस्क ही चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी होय. कॅलिपर नांवाचा चिमटा तिच्या दोन्ही बाजूंस एकेक पॅड दाबून धरितो. पॅड म्हणजे पोलादी पत्र्यावर बसविलेला घर्षणद्रव्याचा थर. महागडी तबकडी टिकावी म्हणून हा थर झिजावा, अशीच योजना असते. ही कल्पना जुनी आहे. इ. स. १८८८ मध्यें बर्था बेंझ ही बाई जर्मनींत मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीनें गेली, तेव्हां ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजले. तिनें चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकवून घेतलें व आपला प्रवास पुरा केला.

आतां परीक्षेची रीत पाहूं. गाडी सपाट जागीं उभी करून थंड होऊं द्यावी. हातब्रेक ओढून इतर चाकांस दगडाची उटी द्यावी. चाकाचे नट सैल करून गाडी जॅकनें उचलावी, तिच्याखालीं भक्कम आधार द्यावा व मगच चाक काढावें. नव्या पॅडचा थर बहुधा १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटर उरला कीं पॅड बदलावा. आंतला व बाहेरचा असे दोन्ही पॅड पहावे. एकच अधिक झिजला असेल, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या असण्याचा संभव असतो. पॅड बदलतांना समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावे. नाहींपेक्षां ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढते. पॅड झिजतात तसतसें टाकींतील ब्रेक ऑईलहि खालीं जातें; म्हणून तें कमी दिसल्यास वरून ओतून स्वस्थ बसूं नये, कारण शोधावें. ब्रेकवरील धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. जुन्या पॅडमध्यें फुप्फुसांस घातक असें ॲस्बेस्टॉस असूं शकतें.

आवाजांचेहि भेद आहेत. पावसाळ्यांत सकाळीं पहिल्या दोनचार वेळां ब्रेक कुरकुरला व मग शांत झाला, तर तो रात्रींतून धरलेल्या गंजाचा आवाज. त्यांत भय नाहीं. प्रत्येक वेळीं बारीक, तीक्ष्ण किंकाळी निघूं लागली, तर पॅडला जोडलेली पोलादी पट्टी डिस्कला घासत असावी. थर संपत आल्याची सूचना देण्याकरितांच ती बसविलेली असते. पॅड जाड असूनहि आवाज येत असेल, तर त्याचा पृष्ठभाग तापून गुळगुळीत झाला असेल किंवा पाठीमागील पत्री सैल असेल. परंतु खरखर, दळल्यासारखा आवाज आला, तर थर संपून लोखंडावर लोखंड घासत आहे, असें समजावें व गाडी तेथेंच थांबवावी.

कित्येक लोक आवाज मिटावा म्हणून पॅडच्या तोंडावर तेल सोडतात. याहून घातक उपाय नाहीं; कारण त्या योगें आवाजाबरोबर घर्षणहि जातें, व घर्षण गेलें कीं ब्रेक गेला. शिवाय सगळ्याच पॅडांस सूचनेची पट्टी नसते. म्हणून आवाज नाहीं एवढ्यावर विसंबूं नये, ठराविक काळानें डोळ्यांनीं पहावें. बोरघाटासारख्या उतारावर अखंड ब्रेक दाबून ठेवल्यास चांगलाहि पॅड तापून निकामी होतो. तेथें खालच्या गियरमध्यें उतरावें.

मोटारींत आपली मुलेंमाणसें असतात, आणि रस्त्यावर परक्यांचीं. त्या सर्वांचे प्राण त्या थोड्या मिलिमीटरांच्या थरावर सोंपविलेले असतात. आपल्या हातीं दिलेल्या वस्तूचा विश्वासू कारभारी तो, जो तिची पहिली कुरकुर ऐकतो आणि तिचें तोंड बंद न करितां तिचें कारण दूर करितो.