नक्कल आणि रुजवात

महसुली कचेरीतून ज्यांनी कधी जुन्या कागदाची नक्कल काढली असेल, त्यांच्या लक्षात असेल की नकलेच्या पायथ्याशी नक्कल करणाराची एक सही असते आणि रुजवात घेणाराची दुसरी. एकाने मूळ कागद पुढ्यात ठेवून अक्षरे उतरवावयाची, आणि दुसऱ्याने मूळ व नक्कल शेजारी मांडून, ओळीमागून ओळ ताडून, मगच ती नक्कल खरी म्हणून हवाली करावयाची, असा हा शिरस्ता आहे. आणि माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेल्यामुळे तो माझ्या अंगवळणी पडलेला आहे. संगणकात जी बॅकअपची सोय अंगभूत असते, ती यांतले पहिले काम निमूटपणे करते. दुसरे काम मात्र ती आपल्यावर सोडते, आणि सोडल्याचे सांगत नाही. माझ्या संग्रहावर जो प्रसंग ओढवला तो या न सांगितलेल्या गोष्टीमुळेच. म्हणून तो येथे थोडक्यात सांगून, त्यातून जे शिकता आले ते विस्ताराने लिहीत आहे.

राव रंभा निंबाळकर या निजामाच्या सरदाराचा किल्ला ज्या माढ्यात आजही उभा आहे, त्या माढ्याच्या पंचक्रोशीत जुन्या कागदांचे दुर्भिक्ष्य कधीच नव्हते. घरोघरच्या फडताळांत खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे रुमालात बांधून पडलेली असत, आणि ती वाचणारा माणूस मात्र, मोडी लिपी व्यवहारातून गेल्यापासून, दुर्मीळ होत चालला होता. सेवानिवृत्तीनंतर मी ते काम हाती घेतले. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तिचे कार्यक्षेत्र मराठवाड्यापुरते न राहता सर्व राज्यभर विस्तारले, आणि कोतवाल बुकातील, म्हणजे गाव नमुना चौदामधील, जन्ममृत्यूच्या नोंदींना एकाएकी असे महत्त्व आले की टेंभुर्णी, मोडनिंब, पिंपळनेर येथून माणसे कागद घेऊन दाराशी येऊ लागली. मूळ कागद स्कॅन करून मालकास परत करावयाचा, आणि त्याचे चित्र व देवनागरी लिप्यंतर दोन्ही संगणकात जपून ठेवावयाचे, अशी माझी पद्धत होती.

संगणक मांडून देणाऱ्या गृहस्थांनी ही सर्व कागदपत्रे डी ड्राइव्हमध्ये ठेवण्याची तजवीज केली होती, कारण सी ड्राइव्ह बिघडली तरी डी सुरक्षित राहते अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. सोबत बाहेरची हार्ड डिस्क जोडून त्यांनी बॅकअपही चालू करून दिला, आणि शेवटची प्रत अमुक वेळी घेतली गेली असा मजकूर पडद्यावर नियमाने दिसत राहिला. उन्हाळ्यातल्या एका दुपारी वीज वरचेवर गेली-आली आणि संगणकातील डिस्क कायमची निकामी झाली, तेव्हा सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असल्यामुळे दोन्ही बरोबरच गेले. आणि बाहेरची डिस्क उघडली तर तिच्यात डेस्कटॉपवरची किरकोळ चित्रे आणि घरगुती पत्रव्यवहार तेवढा मिळाला. कुर्डुवाडीहून आलेल्या तंत्रज्ञाने सर्व तपासून सांगितले, “काका, बॅकअप रोज झालाय, पण डॉक्युमेंट्सचा आन् डेस्कटॉपचा. तुमची डी ड्राइव्ह त्यात कधी आलीच न्हाई.”

पुष्कळ कुटुंबांकडे मूळ कागद शाबूत होते, ते पुन्हा मागवून काम पुन्हा करता आले. परंतु एका घराचे वाटणीपत्र मधल्या पावसाळ्यात माळवद गळून लगदा झाले होते, आणि त्याची एकमेव वाचनीय प्रत गेलेल्या डिस्कमध्ये होती. ते आता कोणालाही वाचता येणार नाही.

या प्रसंगानंतर मी या विषयाची जी चौकशी केली, तिच्यावरून माझी खात्री झाली की बॅकअप फसण्याची कारणे थोडी आणि ठरावीक आहेत, व ती क्रमाने तपासली तर सामान्य माणसालाही सापडतात.

पहिला प्रश्न, नक्कल नेमकी कशाची होते? विंडोजमधील फाइल हिस्टरी ही सोय, जी २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली, तासातासाला प्रती घेते. पण त्या घेते केवळ डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, डेस्कटॉप यांसारख्या ठरलेल्या फोल्डरांच्या आणि लायब्ररी म्हणून नोंदलेल्या जागांच्या. डी ड्राइव्हवर स्वतंत्र काढलेला फोल्डर तिच्या लेखी अस्तित्वातच नसतो. तो एखाद्या लायब्ररीत समाविष्ट केला की त्याचीही प्रत होऊ लागते. विंडोज ११ मध्ये हीच सोय कंट्रोल पॅनेलमध्ये शोधावी लागते, आणि नवीन विंडोज बॅकअप नावाचे साधन प्रती इंटरनेटवरील वनड्राइव्हमध्ये पाठवते, जिथे विनामूल्य जागा फक्त ५ जीबी मिळते. ती भरली की पुढच्या फाइली जागेवरच राहतात. सारांश, बॅकअप चालू करण्यापूर्वी आपले मौल्यवान दप्तर कोणत्या फोल्डरात आहे हे कागदावर लिहावे, आणि तो फोल्डर यादीत आहे याची डोळ्यांनी खातरजमा करावी.

दुसरा प्रश्न, नक्कल ठेवावयाची जागा योग्य आहे काय? बाजारातले पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट३२ या रचनेचे असतात, आणि त्या रचनेत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही; संपूर्ण संगणकाची प्रतिमा घ्यावयाची तर डिस्क एनटीएफएस रचनेची लागते. जुन्या संगणकाच्या यूएसबी खाचेतून बाहेरच्या डिस्कला पुरेसा विद्युतप्रवाह मिळाला नाही तर ती मध्येच तुटते आणि प्रत अर्धवट राहते. अशा वेळी यंत्र डिस्क पुन्हा जोडण्याची सूचना एका कोपऱ्यात देते, आणि आपण ती इतर जाहिरातवजा सूचनांबरोबर झटकून टाकतो.

तिसरी अडचण नावांची, आणि ती मराठी माणसाला विशेषेकरून भोवते. विंडोजमधील अनेक साधने फाइलीचा संपूर्ण पत्ता, म्हणजे फोल्डरात फोल्डर धरून लिहिलेले नाव, २६० वर्णांपलीकडे गेला की ती फाइल वगळतात. आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक खूण स्वतंत्र वर्ण म्हणून मोजली जाते. कुर्डुवाडी हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, संगणक तो दहा वर्णांचा मोजतो. तालुका, गाव, कुटुंबप्रमुख, दस्ताचा प्रकार आणि सन अशी ऐसपैस नावे देण्याची आम्हा कारकुनांची खोड असल्यामुळे, नेमके तपशीलवार नाव असलेले दस्तच मागे राहण्याचा संभव असतो. नाव आटोपशीर ठेवून तपशील वेगळ्या सूचिपत्रात लिहावा, हे उत्तम.

चौथी गोष्ट वेळेची. विंडोज ७ मधील बॅकअप अँड रिस्टोअर, जे विंडोज १० मध्येही त्याच नावाने ठेवलेले आढळते, आपण काही न बदलल्यास रविवारी सायंकाळी ७ वाजता प्रत घेण्याचे ठरवते. वाचनालय, पतसंस्था वा शाळा यांचा संगणक त्या घटकेला बंद असणार हे उघड आहे. ज्या वेळी संगणक हटकून चालू असतो आणि विजेचा भरवसा असतो अशी वेळ नेमावी.

पाचवे कारण यंत्राच्या अंतरंगातले आहे. उघड्या असलेल्या फाइलीचीही प्रत घेता यावी म्हणून विंडोज प्रथम डिस्कची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवते. हे काम करणाऱ्या सेवेचे नाव व्हॉल्यूम शॅडो कॉपी. संगणकाचा वेग वाढवण्याच्या मिषाने कोणी ही सेवा बंद करून ठेवली असेल, तर बॅकअप सुरू होताच कोलमडतो. सर्व्हिसेस या यादीत तिच्यापुढे डिसेबल्ड असे नाही एवढे पाहावे, मॅन्युअल असल्यास हरकत नाही. डिस्कवरील एखाद्या छोट्या राखीव कप्प्यात मोकळी जागा उरली नाही तरीही ही सेवा अडते, आणि ०एक्स८०७८०११९ असा अंक पडद्यावर येतो. असा कोणताही अंक पुसून न टाकता जसाच्या तसा लिहून घ्यावा, कारण तंत्रज्ञाच्या दृष्टीने तीच फिर्याद असते. प्रत दर वेळी एकाच ठिकाणी अडखळत असेल तर मूळ डिस्कचाच तो भाग खराब झाल्याचा संशय धरावा. त्या वेळी दुरुस्तीच्या भानगडीत पडण्याआधी अत्यावश्यक फाइली हातानेच दुसरीकडे उतरवाव्यात, कारण डिस्क तपासणारे साधन मरणासन्न डिस्कवर अधिकच भार टाकते.

इतके सर्व बिनचूक केले, तरी एक प्रत पुरत नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि अनेक विभागांच्या नस्त्या भस्मसात झाल्या. मूळ आणि प्रत एकाच इमारतीत ठेवण्यातला धोका याहून स्पष्ट सांगता येणार नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने फाइली कुलूपबंद तर केल्याच, वर विंडोजने स्वतः टिपून ठेवलेल्या शॅडो प्रतीही पुसल्या. आणि असा विषाणू कायम जोडून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कलाही सोडत नाही. म्हणून पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने सांगितलेला नियम जगभर मानला जातो: तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक अन्यत्र असावी. माझी तिसरी प्रत आता सोलापूरला लेकीच्या घरी असते, आणि दुसरी प्रत घेऊन झाली की तिची डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवली जाते.

आता रुजवातीविषयी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकक्षेत्रातील कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या यंत्रावरील माहिती पुसली गेली, तेव्हा असे आढळले की बॅकअपच्या ज्या निरनिराळ्या व्यवस्था होत्या त्यांपैकी एकही विश्वासाने कामास येण्याजोगी नव्हती. रोजची प्रत आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे होतच नव्हती, आणि ती होत नसल्याची सूचना देणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. सुमारे ६ तासांची माहिती कायमची गेली, आणि हे सर्व कंपनीने स्वतःच प्रांजळपणे जाहीर केले. निष्णात अभियंत्यांच्या घरी ही गत, तर केवळ पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर विसंबणाऱ्या आपणासारख्यांनी काय मानावयाचे?

तपासणीची रीत सोपी आहे. दर महिन्यास बाहेरची डिस्क शक्यतो दुसऱ्याच संगणकाला जोडावी. सर्वांत जुनी, सर्वांत नवी आणि मधली एखादी अशा फाइली केवळ नावे पाहून न थांबता उघडून वाचाव्यात. मूळ व प्रत यांतील फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहावे. आणि तारीख घालून एका वहीत सही करावी. शक्य असल्यास हे काम बॅकअप घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी करावे.

३१ मार्च हा आपल्या कचेऱ्यांत हिशेब मिटवण्याचा दिवस, आणि योगायोगाने २०११ पासून तोच जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. ग्रामपंचायत, सोसायटी, वाचनालय, शाळा यांचे दप्तर ज्यांच्या स्वाधीन आहे त्यांना माझी विनंती आहे की, त्या दिवशी शिल्लक मोजताना प्रतींचीही तपासणी व्हावी. आणि जे दुसऱ्याचा मूळ कागद उतरवून घेतात, त्यांनी प्रत उघडून, वाचून, मुळाशी ताडून पाहिल्याखेरीज तो कागद मालकास परत करू नये.