परदेशी देणगी, परदेशी स्वयंसेवक

प्रश्न : परदेशातलं एक चर्च आमच्या मंडळीला देणगी देणार आहे. महिनाभरासाठी तरुण स्वयंसेवकही पाठवणार आहे. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, धुळे

उत्तर : आधी पैशांचं. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक डॉलरही घेऊ नका. पाळकसाहेबांच्या खात्यावर तर मुळीच नाही. 2020च्या दुरुस्तीपासून हा निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो.

पाहुण्यांना ई-पर्यटक व्हिसावर महिनाभरापर्यंत विनामोबदला सेवा करता येते, धर्मप्रचार नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. त्यामुळे सभेत प्रेमापोटीही त्यांच्या हाती माईक देऊ नका.

काम कोणतं द्यावं? खानदेशात काय टिकलं ते पाहा. नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल 1942 सालचं. आज ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही भारतीय संस्था चालवते. परदेशी माणसं गेल्यावरही चालेल असंच काम निवडा. आणि पाड्यावरच्या मुलांचे फोटो देणगीसाठी काढणं मला अजिबात पटत नाही; ते थांबवाच.

त्यांनी विमानाची तिकिटं काढण्याआधी तुमच्या सीएला भेटा.